फेरातली मोकळी जागा

आमच्या पुण्याच्या सरांचा एक नियम होता. गावात नाच बघायला गेलात तर आधी बघा, मग स्वतः करा आणि मग विचारा. गेल्या गेल्या प्रश्न विचारत सुटलात तर लोक तुम्हाला आवडेल तेच सांगतात, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम म्हणजे जे ताटात पडेल ते खायचं, नको म्हणायचं नाही. यातल्या पहिल्या नियमानं मला तोंडघशी पाडलं आणि दुसऱ्यानं वाचवलं. पुढे सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की बशीतला चहा सांडला. मला त्या वेळी हसू आलं नव्हतं. रडू आलं होतं.

दुष्काळ सरल्यानंतरचा तो पहिला धड श्रावण. मी सोलापूरच्या कॉलेजातून एम.ए. होऊन पीएच.डी.साठी पुण्याला नाव नोंदवलं होतं. विषय घेतला होता पंचमीचा फेर. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस गावोगावच्या लेकी संध्याकाळी गोल धरतात, गाणी म्हणत नाचतात, तो फेर. घरात हे सांगितल्यावर माझी आत्या म्हणाली, "अगं बाई! नाचायला पण कॉलेजात जावं लागतं आता?" वडील रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "त्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे?" मी पहिल्यापासूनच तोंडाची फटकळ. म्हटलं, "तुम्ही आयुष्यभर खिडकीतून तिकिटं देताय, त्यात तरी काय आहे?" त्यांनी चष्मा परत चढवला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझी राहायची सोय केली.

होटगीच्या पुढे एका खेड्यात त्यांच्या ओळखीचा एक गँगमन होता. रुळांवर काम करायचा आणि उरलेल्या वेळात चार एकर ज्वारी बघायचा. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणू लागले. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. घरात मुलगा नाही, तीन लेकी. दोन धाकट्या पंचमीला आल्या होत्या. थोरलीचं नाव निघालं की आप्पा उठून बैलांना पाणी दाखवायला जायचे. बैलांना तहान असो नसो. मी ते पाहून ठेवलं, पण नियमाप्रमाणे विचारलं नाही.

फेरात फक्त गावच्या लेकी. सुना या दिवसांत आपापल्या माहेरी गेलेल्या असतात, आणि परकी बाई फेरात चालत नाही. मग माझं कसं व्हायचं? मला वाटलं, आता कडेला बसून नुसतं बघावं लागणार. पण पंचमीच्या बांगड्या भरायला कासारीण आली तेव्हा मावशीनं आपल्या दोन्ही लेकींबरोबर माझाही हात पुढे ओढला. "हिलाबी भर. हीबी माझीच हाय," म्हणाली. कासारणीनं माझा हात दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवल्या. माझी आई मी लहान असतानाच गेली. आमच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये पंचमीला वडील दूध आणून नागाच्या चित्रापुढे ठेवत, संपली पंचमी. बांगड्या भरताना मी भलत्याच मोठ्यानं बोलत होते, कारण गप्प राहिले असते तर डोळ्यांतून पाणी आलं असतं.

मारुतीच्या देवळासमोरचं अंगण बायका रोज दुपारी शेणानं सारवायच्या. संध्याकाळी त्या ओलसर जमिनीवर फेर धरला जायचा आणि सकाळी तिथं सगळ्यांची पावलं उमटलेली असायची. माझी तर चैनच झाली! सकाळी सकाळी मी तिथं उकिडवी बसून आलेखाच्या कागदावर ती पावलं उतरवून घ्यायची. कोणता पाय पुढे, कोणता मागे, टाच कुठं दाबली. येणारे-जाणारे म्हणायचे, "मास्तरीणबाई, काय सांडलंय काय?" दोन-तीन दिवसांत मला एक दिसलं. फेर थांबतानाची शेवटची पावलं पाहिली तर गोल पूर्ण नव्हता. देवळाच्या पायरीसमोर एका बाईची जागा सुटलेली होती, आणि ती सगळ्या फेराबरोबर फिरत फिरत रोज तिथंच येऊन थांबायची. संध्याकाळी नीट पाहिलं तर त्या जागेच्या दोन्ही बाजूंना मावशीच्या दोन धाकट्या लेकी असायच्या. बाकी सगळ्या हातात हात घालून, आणि या दोघींचा एकेक हात मोकळा, पुढे केलेला.

मी बघितलं. आता नियमाप्रमाणे करायची वेळ आली होती.

त्या संध्याकाळी मी पदर खोचला, चपला काढल्या आणि समोर होती ती मोकळी जागा धरली. दोघी बहिणींचे हात हातात घेतले. मला वाटलं, किती सोयीचं, जणू माझ्यासाठीच ठेवलीय. आणि गाणं थांबलं. हळूहळू नाही, एकदम. धाकटीनं माझ्या हातातून हात असा काढून घेतला की जणू तव्यालाच लागला होता. कट्ट्यावर बसलेली मावशी उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली.  शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली.

"लेकी, कुटं उभी राहिलीस?"

"फेरात," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार!

"ती थोरलीची जागा हाय. सासरच्यांनी लेक धाडली न्हाय की तिची जागा मोकळी सोडायची. आज न्हाय तर उद्या येईल, म्हनून. भरायची ती मेलेल्या लेकीची. जित्या लेकीची न्हाय भरत कुनी."

 जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही होईना. मी मावशीकडे पाहिलं. ती उठली आणि घराकडे चालू लागली. तिच्यामागून लेकी गेल्या, त्यांच्यामागून मी. रात्री चुलीपुढे बसून तिनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः जेवली नाही. मला ओरडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर किती बरं वाटलं असतं!

आता मी विचारलं. नियम गेला खड्ड्यात. धाकटीनं सांगितलं ते असं: थोरली अक्कलकोटच्या बाजूला दिलेली. मधल्या बहिणीच्या लग्नात आप्पांनी सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले आणि गडबडीत थोरलीच्या सासऱ्याला, म्हणजे आपल्या सख्ख्या व्याह्याला, विसरले. व्याही भर मांडवातून न जेवता उठून गेले. तेव्हापासून त्यांनी सून माहेरी धाडली नव्हती. फेटा घेऊन स्वतः या, मग बघू, असा त्यांचा निरोप. आणि आप्पांचं म्हणणं, "मी काय मुद्दाम केलं व्हय? चुकून राहिलं ते राहिलं. मी न्हाय जायचा." अशा दोन-तीन पंचम्या गेल्या होत्या. माहेरी न्यायला जो जातो तो मुऱ्हाळी. तो भाऊ असतो. इथं भाऊ नव्हता, आणि बापाचं पाऊल उचलत नव्हतं. एका फेट्यापायी! मला आप्पांचा असा राग आला की काय सांगू.

सकाळी मावशी आप्पांपुढे जाऊन उभी राहिली. एरवी ती त्यांच्याशी फार बोलायची नाही.

"माझ्या लेकीची जागा भरली काल. समद्या गावानं बघितली. आता तुमी जावा न्हायतर नगा जावू. ही जाईल. हिच्या पायानं झालंय, हिच्याच पायानं निस्तरू दे."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले, धोतर बदललं आणि खांद्याला एक कापडी पिशवी अडकवून बाहेर आले. "चल," म्हणाले. एवढंच.

होटगीहून पॅसेंजरनं अक्कलकोट रोड स्टेशनपर्यंत आणि तिथून पायी. वाटेत मी चार वेळा पिशवी घ्यायला हात पुढे केला, म्हातारा माणूस म्हणून. दर वेळी आप्पांनी ती दुसऱ्या खांद्यावर टाकली. गावाची वेस दिसली तसे ते मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसले.

"तू जा. मी हितंच हाय."

"अहो आप्पा, इथपर्यंत आलात आणि आता?"

"हितवर आलो की. पुढं न्हाय."

असल्या माणसाशी काय बोलायचं! मी एकटीच निघाले. डोक्यावर ऊन, आणि पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही. मला कानडी येत होतं ते आमच्या क्वार्टरमधल्या शेजारणीकडून शिकलेलं, तेही अर्धंमुर्धं.

घर शोधलं. ओसरीवर एक धिप्पाड म्हातारा वाती वळत बसला होता. हेच ते व्याही, मी ओळखलं. म्हटलं, सोलापूरहून आलेय, कॉलेजात आहे, पंचमीच्या फेराचा अभ्यास करते. हे खोटं नव्हतं. "बर्री, कुंदर्री," या, बसा म्हणत त्यांनी घोंगडी सरकवली आणि आनंदानं सांगायला लागले की त्यांच्या गावचा फेर कसा असतो, त्यांच्या आईचा आवाज कसा तीन शेतांपलीकडे जायचा. माणूस बोलायला गोड होता. मला तेच नको होतं. याच्यावर चिडायचं ठरवून आले होते मी.

दाराआड बांगड्या वाजल्या. एक तरुण बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या हातांकडे बघून थबकली. माझ्या बांगड्यांत एक पिवळ्या टिक्क्यांची होती. ती कासारीण फक्त आमच्या त्या गावात फिरायची, दुसरीकडे कुणाकडे तसल्या बांगड्या नव्हत्या. तिनं तांब्या ठेवला आणि आत पळाली. थोरली हीच. लगेच तिची सासू बाहेर आली. गोल चेहऱ्याची, कपाळावर मोठं कुंकू, डोळे भारी तिखट. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एक प्रश्न न विचारता म्हणाली, "बाई लांबून आलीया. आधी जेवू दे."

ताट आलं. भाकरी, शेंगांची चटणी, डाळ आणि वाटीत गव्हाची खीर. तिला तिकडे हुग्गी म्हणतात. साध्या दिवशी खीर कशाला, असं मनात आलं खरं, पण ताटात पडेल ते खायचं हा नियम आणि भूक तर अशी लागलेली! मी वाटी चाटूनपुसून संपवली. सासूबाई समोर बसून बघत होत्या. मी हात धुतले आणि मग त्यांनी नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आमच्या सुनेची तू कोन गं?"

मी खोटं बोलले नाही. "बहीण," म्हटलं. "मावशीनं मला लेक म्हणून बांगड्या भरल्यात. मी मुऱ्हाळी आलेय."

वाती वळणारा हात थांबला. म्हातारा माझ्याकडे, मग रिकाम्या वाटीकडे, मग बायकोकडे बघू लागला. मला काही कळेना. आणि सासूबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, सगळं अंग हलेपर्यंत हसल्या.

"मुऱ्हाळ्याला गोड जेवू घातलं," त्या मला म्हणाल्या, "की सून धाडावीच लागती. न धाडून चालत न्हाय. ह्यांच्या आईनंच घालून दिलंय हे."

"बाई कुटं मुऱ्हाळी असती व्हय?" म्हातारा गरजला.

"जेवली का न्हाय?"

"पर मला ठावं होतं का, ही कोन ते?"

"घोंगडी तुमीच टाकलीसा की!"

म्हाताऱ्यानं हातातली वात खाली ठेवली. मग एकदम मला म्हणाला, "तुझा बाप कुटं हाय?"

"वेशीवर. मारुतीच्या पायरीवर बसलेत. सकाळपासून उपाशी."

"उपाशी?" ते ताडकन उठले. "माझ्या गावात? माझा व्याही?" आणि पायात वहाणा न घालता ते तसेच चालू लागले. मी मागून धावले. मला वाटलं, आता रस्त्यातच जुंपते दोघांची.

आप्पा त्यांना येताना बघून उभे राहिले. दोन म्हातारे समोरासमोर. मग आप्पांनी ती पिशवी उघडली. आत केशरी फेटा होता, घडी मोडलेली नव्हती. त्या लग्नातल्याच गठ्ठ्यातला. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस तो जपून बसला होता आणि वर आम्हाला तोंड करून सांगत होता, मी न्हाय जायचा! ते तिथंच बांधायला लागले. फेट्याचा पहिला वेढा वाकडा बसला, तर व्याही स्वतःच मान पुढे करून म्हणाले, "सावकाश बांधा की. कुटं पळून चाललोय?" नंतर व्याह्यांनी आप्पांचा हात धरला तो घरी नेऊन ताटापुढे बसवेपर्यंत सोडला नाही.

मी मात्र पायरीवरच बसून राहिले.  आदल्या संध्याकाळपासून छातीवर धोंडा होता तो उतरला आणि मी एकटीच, मारुतीसमोर, मूर्खासारखी हसत रडत होते.

परतीच्या वाटेवर थोरली सगळ्यांच्या पुढे चालत होती. मध्येच थांबून तिनं मला विचारलं, "माझी जागा कुनी भरली म्हनं?"

कुणी सांगितलं हिला? आप्पांनीच, दुसरं कोण! मी कशीबशी म्हटलं, "मी. मला ठाऊक नव्हतं गं."

 "बरं झालं," ती म्हणाली. "मोकळी ठिवली हुती तवर समदी निवांत बसली हुती. येईल, येईल म्हनत. तू भरलीस तवा कुटं उठली." आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. चांगला सणसणीत.

आम्ही पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि फेर चालू होता. मोकळी जागा तशीच, दोघी बहिणींचे हात पुढे केलेले. पण गाण्यात जीव नव्हता. मावशी कट्ट्यावर पाठ करून बसली होती. तिला बघवत नव्हतं. थोरलीनं पिशवी माझ्या हातात कोंबली, धावत गेली आणि दोन्ही हात धरले. गाणं क्षणभर अडखळलं आणि मग असं वर चढलं की देवळातली कबुतरं उडाली. मावशीनं वळून पाहिलं.  "हुश्श," म्हणाली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बघत राहिली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी तिच्या तोंडावर पाहिलं.

मी पिशव्या सांभाळत कडेलाच उभी होते. पुन्हा कुठली जागा धरायची माझी छाती नव्हती. तर थोरलीनं फिरता फिरता धाकटीचा हात सोडला, मला आत ओढलं आणि दोघींच्या मध्ये घातलं. फेर एका बाईनं मोठा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावलं उतरवायला गेले तेव्हा गोल पूर्ण होता आणि त्यात माझीही पावलं होती. बाकीच्यांपेक्षा वेडीवाकडी. ती मी तशीच कागदावर उतरवली.

प्रबंध पूर्ण झाला. लग्नही झालं, सोलापुरातच. सासरची माणसं चांगली, पण पंचमी-बिंचमी फारशी न मानणारी. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात वडील बदली होऊन लांब गेले होते. शेजारच्या सुनांना न्यायला कुणाकुणाचे भाऊ येत होते, आणि मी आपली खिडकीत बसून परीक्षेचे पेपर तपासत होते. मनात म्हटलं, आपल्याला कोण न्यायला येणार?

तर दारात आप्पा. खांद्याला तीच कापडी पिशवी, पायावर रुळांवरची खडी तुडवल्याची धूळ. सासूबाईंनी विचारलं, "आपण कोण?"

"मी हिच्या माहेरचा. फेरात हिची जागा मोकळी ठिवलीया," आप्पा म्हणाले आणि सरळ आत येऊन पाटावर बसले. "पर त्ये मागनं बोलू. आधी जेवाया वाढा."

सासूबाईंना मुऱ्हाळ्याच्या गोड जेवणाचं काही ठाऊक नव्हतं. म्हातारा माणूस भुकेला आहे, एवढंच त्यांना कळलं आणि त्यांनी ताट वाढलं, वरण, भात, भाजी. आप्पांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात काही पुढे करेनात.

मी स्वयंपाकघरात पळाले. गोड असं काही केलेलं नव्हतं. डबे उघडले, झाकणं खाली पडली, त्यांचा आवाज झाला. शेवटी गुळाचा खडा सापडला. तो मी त्यांच्या ताटात ठेवला, आणि आप्पा जेवू लागले.